खड्ड्याचे पैसे भरलेत!

सरकारी माणूस आणि खाजगी माणूस ओळखायची माझी एक साधी पद्धत होती. मान वर न करता ‘काय पाहिजे?’ म्हणाला की सरकारी. ‘बसा ना सर, पाणी घेणार?’ म्हणाला की खाजगी. पहिल्याकडे काम फुकट व्हायचं, पण व्हायचं नाही. दुसऱ्याकडे व्हायचं, पण फुकट व्हायचं नाही. एवढ्या ज्ञानावर मी निम्मं आयुष्य निभावून नेलं. वीज गेली तर बोटं कुणाच्या नावाने मोडायची आणि क्लासवाल्याने फी बुडवली तर कुणाच्या, याबद्दल मनात कधी गोंधळ नव्हता.

२०२४च्या पावसाळ्यात ही पद्धत मोडीत निघाली. ती काढली आमच्या सोसायटीच्या गेटसमोर पडलेल्या, म्हणजे पाडलेल्या, एका चराने.

शहराचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्या शहराचे लोक रागावतील आणि बाकीच्या शहरांतले लोक आपण सुटलो असं समजून हसतील. महाराष्ट्रातलं कुठलंही महानगर घ्या.

तर एका रात्री जेसीबीचा आवाज आला. रात्री जेसीबी आला म्हणजे विकास आला, अशा समजुतीने सगळे कूस बदलून झोपले. सकाळी दूधवाल्याने पिशव्या वॉचमनच्या केबिनवरून फेकल्या, तेव्हा कळलं की सोसायटी बेट झाली आहे. गेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड हात रुंद चर. त्यातलीच माती त्याच्यावर परत ढकललेली, वर पेव्हर ब्लॉकचे चारदोन तुकडे, आणि मातीतून बाहेर डोकावणारी एक नारिंगी नळी. पहिल्या जोरदार सरीत माती खाली बसली आणि चराचा खड्डा झाला.

खड्ड्याच्या कडेला एक बॅरिकेड होतं. ते मी नंतर इतका वेळ पाहिलं आहे की आजही डोळे मिटून काढून दाखवेन. वरच्या पट्टीवर ‘वाहतूक पोलीस – आपल्या सेवेत’. त्याच्याखाली, दहापट मोठ्या आकारात, गळाभर हार घातलेली एक नटी आणि ‘घडणावळीवर घसघशीत सूट’. एक पाय वाकल्यामुळे बॅरिकेड खड्ड्याकडे झुकलेलं. त्यामुळे ती बाई हसतमुखाने आमच्या खड्ड्याकडेच बोट दाखवते आहे असं वाटे. आता हे बॅरिकेड पोलिसांचं म्हणावं की सराफाचं? त्या सकाळी हा प्रश्न मला किरकोळ वाटला होता.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. हे पद कसं मिळतं ते जाणकारांना सांगायला नको: वार्षिक सभेत जो चहा आणायला उठतो, तो परत येईपर्यंत बिनविरोध निवडून आलेला असतो. त्यामुळे खड्ड्याचा पाठपुरावा माझ्याकडे आला. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवून मला पाठिंबा दिला.

पहिला प्रश्न, खोदलं कुणी? वॉचमन म्हणाला, गॅसवाले. बी विंगच्या वहिनी म्हणाल्या, वीजवाले. त्यांचा भाऊ वीज कंपनीत आहे, म्हणून त्यांना कळतं. टेलिफोनवाले काका खाली आले, वाकून नळी पाहिली, दोन बोटांनी वाजवली आणि निकाल दिला, ‘इंटरनेट. फायबरची डक्ट आहे ही. अशा मी मैलोन्‌मैल टाकल्यात.’

काकांची ओळख करून द्यायला हवी. ते टेलिफोन खात्यात लागले. ३० सप्टेंबर २०००च्या रात्री सरकारी नोकर म्हणून झोपले आणि १ ऑक्टोबरला सकाळी उठले ते भारत संचार निगम नावाच्या कंपनीचे कर्मचारी म्हणून. तेच टेबल, तीच खुर्ची, तोच पंखा. फक्त पाटी नवी. पुढे स्वेच्छानिवृत्ती आली, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ७८ हजारांहून जास्त लोक एकाच दिवशी घरी गेले, त्यांत काका. ‘मी आयुष्यभर नोकरी बदलली नाही,’ ते सांगतात, ‘नोकरीच मला बदलत राहिली.’ अशा माणसाला सरकार कुठे संपतं आणि कंपनी कुठे सुरू होते, हे आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असा माझा विश्वास. तोही टिकला नाही, पण ते नंतर.

महापालिकेचं ॲप उघडलं. ॲप मात्र देखणं! उघडल्यावर नमस्कार करतं, नावाने हाक मारतं, ‘आज आम्ही आपली काय मदत करू?’ विचारतं. माझ्या ओळखपद्धतीला पहिला तडा इथे गेला. खड्ड्याचा फोटो टाकला, टोकन नंबर मिळाला, संध्याकाळी मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. कृपया रेटिंग द्या.’ गॅलरीत जाऊन पाहिलं. खड्डा होता तिथेच होता, निवारण तेवढं झालं होतं.

हेल्पलाइनला फोन लावला. ‘आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे’ हे वाक्य आणि त्यामागची बासरी बराच वेळ ऐकल्यावर एक मुलगी बोलली. आवाजात साखर.

‘सर, तुमचा खड्डा रस्ता या कॅटेगरीत टाकलाय तुम्ही. तो युटिलिटीमध्ये येतो. म्हणून क्लोज झालाय.’

‘खड्डा क्लोज नाही झालाय, ताई. उघडाच आहे.’

‘सर, तक्रार क्लोज झालीये.’

‘तुम्ही कुठल्या क्षेत्रीय कार्यालयात बसता? मी येऊनच भेटतो.’

‘सर, मी इंदूरला बसते.’

ती बिचारी कुठल्याशा एजन्सीच्या कॉल सेंटरमध्ये होती. तिचं मराठी आजोळचं निघालं. आमचं शहर तिने पाहिलेलं नव्हतं, पण तिथले सगळे खड्डे तिला टोकन नंबरनिशी पाठ होते. मी तिला इंदूरच्या रस्त्यांबद्दल विचारणार होतो, पण तिने ‘आणखी काही मदत?’ असं विचारून मला गप्प केलं.

मग क्षेत्रीय कार्यालय गाठलं. गेटवर गणवेशातला माणूस, छातीवर सिक्युरिटी एजन्सीचा बिल्ला. तक्रार खिडकीवरचा मुलगा एका ‘मनुष्यबळ पुरवठादारा’चा, पगार त्याच्याकडून येतो, आणि तो कधी येतो हे त्यालाही ठाऊक नसतं. आवक-जावकचं काम करणारी मॅडम अकरा महिन्यांच्या करारावर. झाडू मारणारी मावशी ठेकेदाराची. अख्ख्या मजल्यावर महापालिकेचं असं काय होतं? इमारत, महापुरुषांच्या तसबिरी, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचे कनिष्ठ अभियंता साहेब.

साहेब म्हणजे तिशीतला पोरगा. त्याच्याकडे स्वतःचा वॉर्ड होता, शिवाय बदली होऊन गेलेल्या दोघांचे वॉर्ड ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून होते. मी तावातावाने सुरुवात केली. त्याने शांतपणे ऐकलं, मान वर केली, आणि म्हणाला, ‘बसा ना सर, पाणी घेणार?’

मी बसलो. ओळखपद्धत तिथेच टेबलाखाली गळून पडली.

त्याने सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण एवढं समजायला मला तीन ग्लास पाणी लागलं. रस्ता बनवला ठेकेदाराने. त्याच्यावर दोष-दायित्व कालावधी आहे. म्हणजे ठरावीक वर्षांत रस्ता उखडला तर त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पण मध्ये दुसऱ्या कुणी रस्ता खोदला, की तेवढ्या तुकड्यापुरता ठेकेदार सुटला. खोदणारी कंपनी वेगळी. तिने खोदण्याआधी रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क महापालिकेत भरलं. म्हणजे कंपनीही सुटली. त्या शुल्कातून खड्डा बुजवायचा महापालिकेने. पण महापालिका स्वतः खड्डे बुजवत नाही. त्यासाठी वेगळं टेंडर. त्या टेंडरचं इस्टिमेट महापालिका करत नाही. त्यासाठी सल्लागार कंपनी. काम झाल्यावर ते नीट झालं का, हे महापालिका तपासत नाही. त्यासाठी त्रयस्थ संस्था, म्हणजे थर्ड पार्टी.

‘मग महापालिका काय करते?’

‘सही,’ तो म्हणाला. इतक्या प्रामाणिकपणे की मला पुढे भांडता येईना. ‘आणि त्यात पावसाळा. गरम डांबराचे हॉटमिक्स प्लांट बंद असतात, साहेब. कोल्ड मिक्स आहे, पण ते मुख्य रस्त्यांना. तुम्ही असं करा, कंपनीला भेटा. त्यांनी मुरूम टाकून दिला तर बरं होईल. माझं नाव सांगा. नको, नाव नका सांगू.’

कंपनीचं ऑफिस काचेच्या इमारतीत. थंडगार हवा, कुंडीत प्लास्टिकचा बांबू, भिंतीवर ‘ग्राहक हाच आमचा परिवार’. इथे तरी खाजगी माणूस भेटेल म्हणून मी खांदे सरळ केले. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, ‘काय पाहिजे?’

खड्ड्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, ‘अर्ज दोन प्रतींत द्या.’ दिला. म्हणाला, ‘आधार कार्डाची झेरॉक्स?’ खड्ड्याला माझं आधार कशाला, असं विचारायची सोय नव्हती. मागे रांग होती. झेरॉक्स खाली टपरीवर. ती आणली तर साहेब जेवायला गेलेले. साहेब जेवून आले तर सर्व्हर डाउन. सर्व्हर उठला तर साहेब साइटवर गेले. ‘कुठल्या साइटवर?’ तर, बहुतेक तुमच्याच एरियात. शेवटी माझ्या अर्जावर जांभळ्या शाईचा गोल ‘आवक’ शिक्का बसला. तो शिक्का पाहून डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. लहानपणी आजोबांबरोबर तहसील कचेरीत पाहिलेला शिक्का; तिथून तो केव्हाच हद्दपार झाला, आणि हा इथे एसीमध्ये सुखाने नांदतो आहे!

साहेब भेटले. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, ओळखपत्रावर भलत्याच कंपनीचं नाव. ‘आम्ही त्यांचे व्हेंडर आहोत,’ त्यांनी खुलासा केला. मग ड्रॉवर उघडून एक कागद माझ्यापुढे सरकवला. महापालिकेची पावती. त्यावर आमच्या रस्त्याचं नाव, खोदाईची लांबी मीटरमध्ये, आणि लाखांतला आकडा.

‘खड्ड्याचे पैसे भरलेत सर आम्ही,’ ते अभिमानाने म्हणाले. ‘पूर्ण भरलेत. जीएसटीसकट.’

मी त्या पावतीकडे बघत राहिलो. म्हणजे आमच्या दारातला खड्डा अनधिकृत नाही, बेवारस नाही, उधारीचा तर नाहीच नाही. रीतसर रोख पैसे मोजून घेतलेला खड्डा आहे. सोसायटीतल्या कित्येकांच्या गाड्यांचे हप्ते फिटायचेत, आणि त्या ज्यात आपटतात तो खड्डा कर्जमुक्त!

हे सगळं काकांना सांगितलं. काका खूश झाले. निवृत्त माणसाला एवढी गुंतागुंत फुकटात मिळाली की तो दहा वर्षांनी तरुण होतो. त्यांनी साध्या कागदावर माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि चार प्रश्न विचारले: खड्डा बुजवण्याचं काम कुणाला दिलं, किती रुपयांना, मुदत काय, आणि करारनाम्याची प्रत. तीस दिवसांची मुदत असते. उत्तर अगदी काठावर आलं. पहिल्या तिन्ही प्रश्नांना ‘सदर माहिती सल्लागार संस्थेकडे असून या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही’. चौथ्या प्रश्नाला कायद्याचं कलम ८: करारनाम्यात त्रयस्थ पक्षाची व्यापारी गुपितं असल्याने प्रत देता येत नाही.

म्हणजे आमचा खड्डा, ज्यात शाळेच्या व्हॅनचं चाक साऱ्या गल्लीदेखत रुतलं, ते एक व्यापारी गुपित होतं. काकांनी ते पत्र लॅमिनेट करून घेतलं.

मग त्यांनी कंपनीकडे तसाच अर्ज टाकला. तिथून इंग्रजीत एका ओळीचं उत्तर: आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही, हा कायदा आम्हाला लागू नाही. तेही खरंच. कायदा सरकारला लागू, माहिती कंपनीकडे. कुलूप एकाच्या घरात, किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

इथे कुणी तरी म्हणेल, पूर्वी असं नव्हतं, सगळं सरकारकडे होतं तेच बरं होतं. काकांसमोर म्हणून पाहा. एक तर टेलिफोनच्या कनेक्शनसाठी लोक किती वर्षं थांबायचे ते त्यांनी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेलं आहे. आणि दुसरं, हा ‘पूर्वी’ नेमका कुठला, असं ते विचारतात. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी सरकारी होती का? ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला नावाच्या कंपनीची. लंडनच्या भागधारकांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिलेली. कमी पडलं तर तिजोरीतून भरून द्यायचं. ‘जोखीम आपली, नफा त्यांचा, हे मॉडेल आपल्याकडे रेल्वेच्या पहिल्या शिट्टीपासून आहे,’ काका म्हणतात. ती रेल्वे पुढे १९२५मध्ये सरकारच्या ताब्यात आली. मुंबईत १९२६ साली पहिली बस धावली तीही कंपनीचीच. ७ ऑगस्ट १९४७ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ती कंपनी महापालिकेने घेतली आणि बेस्ट उपक्रम झाला. आता बेस्टच्या ताफ्यात भाडेकराराच्या गाड्या आहेत: बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, तिकीट बेस्टचं. एअर इंडियाचं तर विचारूच नका. टाटांनी १९३२मध्ये सुरू केली, १९५३मध्ये सरकारने घेतली, २०२२च्या जानेवारीत टाटांना परत. ‘सत्तर वर्षांनी सासरहून माहेरी आली,’ काका म्हणतात, ‘तीही कर्जात बुडून.’

आणि सगळीच खिचडी बिघडते असंही नाही. मध्यंतरी पासपोर्टचं नूतनीकरण केलं. पहिल्या खिडकीवर फोटो आणि बोटांचे ठसे घेणारे लोक टाटांच्या सॉफ्टवेअर कंपनीचे. पुढच्या दोन खिडक्यांवर कागद तपासणारे आणि मंजुरी देणारे परराष्ट्र खात्याचे. पुस्तिका नाशिकच्या सरकारी छापखान्यातली. घरी आणून दिली पोस्टमनने. एवढे हात लागूनही काम सुरळीत झालं. बाहेर पडताना मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. कारण सरळ आहे: तिथे कोण कुठपर्यंत, हे ठरलेलं आहे. ‘अ’ने ‘ब’कडे पाठवलं की ‘ब’ त्याच हॉलमध्ये बसलेला असतो. आमच्या खड्ड्याचा ‘ब’ इंदूरला, ‘क’ काचेच्या इमारतीत, ‘ड’ साइटवर, आणि साइट म्हणजे आमचं गेट, जिथे तो कधीच दिसला नाही.

माझं दुखणं खाजगीकरणाचं नाहीच मुळी. भांडायला माणूस मिळत नाही, हे आहे. जो समोर असतो तो ज्यांचा शर्ट घालतो त्यांचा नसतो. कॉल सेंटरच्या पोरीवर ओरडून काय मिळणार? गेटवरच्या वॉचमनला दरडावून काय होणार? त्याचाच पगार थकलेला. मराठी माणसाला कामापेक्षा तणतणणं प्रिय असतं असं म्हणतात; मी त्याला अपवाद नाही. पण तणतण करायलाही पत्ता लागतो.

लोकप्रतिनिधी? तेही आले. आमच्यासारख्या बऱ्याच महापालिकांची मुदत २०२२मध्ये संपली होती आणि तेव्हापासून प्रशासकांचा कारभार. नगरसेवक नावाला उरले नव्हते. उरले होते ‘माजी’ आणि ‘भावी’. आमच्या वॉर्डात हे दोन्ही एकच गृहस्थ. फ्लेक्सवर अर्ध्या भागात ‘माजी’, अर्ध्या भागात ‘भावी’, मध्ये फोटो. ते कार्यकर्त्यांसह आले, खड्ड्याच्या काठावर उभं राहून बोट दाखवलं, फोटो काढला. बॅरिकेडवरच्या नटीचं बोट आणि त्यांचं बोट बरोबर एका रेषेत आलं. ‘प्रशासनाला जाब विचारू,’ ते म्हणाले. मी विचारलं, ‘प्रशासनातलं कोण?’ ते विचारात पडले. मग गाडीत बसले. निघताना गाडीचा मागचा टायर खड्ड्यात गेला. कार्यकर्त्यांनी ढकलून काढला. ढकलण्यापुरतं का होईना, त्या खड्ड्यावर पहिल्यांदाच प्रत्यक्ष काम झालं.

दरम्यान बायकोने एक सोपा हिशेब मांडला. ‘आपण मालमत्ता कर भरतो रस्त्यासाठी. मेंटेनन्स भरतो आतल्या रस्त्यासाठी. गाडी घेताना रोड टॅक्स एकरकमी भरला. हायवेला टोल भरतो. त्या कंपनीने आपल्याच खड्ड्याचे लाखभर भरले. मग मुरमाची एक गाडी आणायला नेमके कुणाचे पैसे कमी पडतायत?’ मी तिला सल्लागार कंपनीचा पत्ता दिला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की इस्टिमेट मी स्वतःच करून टाकावं.

ऑगस्ट संपत आला. ७ सप्टेंबरला गणपती. आणि इथे गोष्टीत ज्यांनी खूप आधी यायला हवं होतं ते आले: चौकातल्या मंडळाची पोरं.

मंडळाची मूर्ती आमच्याच रस्त्याने येते. पोरं ट्रॉलीचा मार्ग बघायला आली, खड्ड्याशी थांबली. अध्यक्ष म्हणजे मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा पंचविशीचा मुलगा. त्याने बॅरिकेड उचलून खड्ड्यात उभं केलं आणि खोली मोजली. पाणी नटीच्या हारापर्यंत आलं.

‘बाप्पाची ट्रॉली पलटी होईल ना इथं,’ तो म्हणाला.

‘अरे, सल्लागार कंपनीचं इस्टिमेट...’ मी सुरुवात केली.

‘काका, तुम्ही वर जा, झोपा.’

रात्री पुन्हा घरघर झाली. या वेळी मी गॅलरीत आलो. कुणाच्या तरी मामाचा टेम्पो, त्यात मुरूम आणि खडी. कुठल्याशा बांधकामावरून उसना आणलेला प्लेट कॉम्पॅक्टर. दोघं बादल्यांनी पाणी उपसतायत, एक जण मोबाइलचा टॉर्च धरून, बाकीचे सल्ला देतायत. म्हणजे सल्लागार इथेही होते, पण फुकट होते. अध्यक्षाने नारिंगी नळीवर आधी वाळू पसरायला लावली. ‘नळी तुटली तर आपलंच नेट जाईल, येड्या.’ एवढी काळजी ती नळी टाकणाऱ्यांनीही घेतली नव्हती, असं काकांचं तज्ज्ञ मत. ते पायजम्यावर खाली उतरले होते आणि ‘थर दे, थर दे’ असं ओरडत होते. टेलिफोन खात्यात असल्यासारखे.

सकाळी दूधवाला गेटपर्यंत आला.

त्यानंतर जी पळापळ झाली ती इतके दिवस कुठे होती, कळायला मार्ग नाही. दुपारी ॲपने मेसेज पाठवला, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’, आणि या खेपेला सोबत फोटो: मंडळाने बुजवलेला खड्डा. फोटोच्या कोपऱ्यात काकांची चप्पल. संध्याकाळी एक जण टेप घेऊन आला. भरावाची लांबी मोजली, रुंदी मोजली, टाचेने दाबून पाहिलं आणि वहीत काही तरी लिहिलं.

‘तुम्ही महापालिकेकडून?’

‘नाही.’

‘कंपनीकडून?’

‘नाही, नाही. आम्ही थर्ड पार्टी. क्वालिटी चेक.’ मग तो आदराने म्हणाला, ‘कॉम्पॅक्शन चांगलं झालंय. कुठला कॉन्ट्रॅक्टर?’

मी चौकाकडे बोट दाखवलं. तिकडे पोरं मांडवासाठी रस्त्यात खांब रोवायला नवे खड्डे घेत होती. त्याने ते पाहिलं, वही मिटली आणि स्कूटर चालू केली. ते खड्डे त्याच्या स्कोपमध्ये नव्हते.

वर्गणीला पोरं त्याच रात्री आली. सोसायटीची नेहमीची रक्कम, आणि खाली वेगळी ओळ: ‘मुरूम, खडी व टेम्पो भाडे’. मी पावती नीट पाहिली. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, खजिनदाराची सही, रक्कम अंकी आणि अक्षरी, आणि तळाला अध्यक्षाचा मोबाइल नंबर. पैसे दिले.

दोन दिवसांनी रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी पाहिलं तर भराव एका बाजूने बोटभर खचलेला. ॲप उघडलं, बंद केलं. पावती काढली आणि तळाचा नंबर लावला. बासरी वाजली नाही. पहिल्याच रिंगला आवाज आला, ‘बोला काका, खचला का?’